दोनशे ग्रॅमची पायरी

बॉबिनच्या घरचा वजनकाटा दोनशे ग्रॅमच्या पायरीने चालतो. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण तो मीच तपासून दिला होता. त्याच्यावर शंभर पॉइंट दोन येतं, शंभर पॉइंट चार येतं. शंभर पॉइंट तीन येत नाही. येऊच शकत नाही. तरी ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला दहा आठवडे लागले, आणि तेही हाताला सलाईन लावलेलं असताना.

मी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. औषधांच्या दुकानांतले, सोनारांचे, धान्याच्या गोदामांतले काटे आमच्याकडे येतात. प्रमाणित वजनं चिमट्याने उचलून ठेवायची, तीनदा वाचन घ्यायचं आणि तीनही वाचनं लिहायची. लिहिलेलं वाचन खोडायचं नाही, ही आमच्याकडची पहिली शिस्त. चुकलंच तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि बाजूला कारण लिहून सही करायची. एकोणीस वर्षं मी हेच करते आहे. माझं स्वतःचं वजन एकशे चोवीस पॉइंट सहा भरलं त्या दिवशीही मी काट्यावर तीनदा उभी राहिले होते.

गुडघे गेले होते, साखर वाढली होती, झोपेत श्वास अडकत होता. तीन डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितलं, तेव्हा मी पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं ठरवलं. पोटाचा मोठा भाग काढून टाकतात आणि लहानशा केळ्याएवढी पिशवी उरते. नवरा तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कर. मी आहे." थोरल्या नणंदेने मात्र फोनवर भर दुपारी सुनावलं, "पोट कशाला कापून घेतेस? तोंडालाच दोन टाके घाल ना, काम झालं."

इस्पितळात जोडीची पद्धत होती. ती डाएटिशियन बाईंनी सुरू केलेली. एकाच सुमाराला ऑपरेशन होणाऱ्या दोघींची जोडी लावायची. पहिले तीन महिने जुन्या पेशंटच्या गटात बसायचं नाही, कारण तिथे सगळ्या खाण्याविषयी बोलतात आणि नव्या माणसाला ते सोसत नाही. तोवर दोघींनी एकमेकींना धरून राहायचं. रोज एक फोन. दर रविवारी सकाळी सात वाजता, पोटात काही जाण्याआधी, वजन करायचं आणि आकडा एकमेकींना कळवायचा. "डॉक्टर तुम्हाला दहा मिनिटं भेटतात," बाई म्हणाल्या होत्या. "बाकीचे दिवस जोडीदारीणच काढते."

माझी जोडीदारीण माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, हॉटेलांचे आणि इस्पितळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतून कापायचं काम करणारी. गळ्यात मापाची टेप आणि अंगावर कारखान्याचा एप्रन तसाच ठेवून ती पहिल्या भेटीला आली होती.

"नाव राहू द्या," ती म्हणाली. "मला सगळे बॉबिनच म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता पगाराच्या चिठ्ठीवर तेवढं यायचं बाकी आहे."

"बॉबिन?"

"मशीनमध्ये खाली बसलेली असते ना, ती. दोरा खाऊन खाऊन गरगरीत झालेली. पण ती संपली की वरची सुई कितीही नाचू दे, टाका पडत नाही." ती स्वतःच हसली. "तुम्ही काय करता?"

"काटे तपासते. वजनाचे."

"अरे देवा! कोणाच्या पदरात टाकलंय मला."

दुसऱ्या भेटीपर्यंत आम्ही अहोजाहो सोडलं. तिसऱ्या भेटीला ती मला काटेबाई म्हणू लागली होती. एकदा तर ती पिशवीत घालून घरचा काटा घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. मी त्यावर वीस-वीस किलोची लोखंडी वजनं रचली. काटा चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मी त्यावर "वजा ०.४" असं लिहून चिकटपट्टी लावली आणि तिला समजावलं की हा काटा दोनशे ग्रॅमची पायरी घेतो, मधलं काही त्याला दिसत नाही.

"म्हणजे माझ्यासारखाच," ती म्हणाली. "एक पायरी सोडून चढणारा. धापा टाकतो का पण?"

मी इतकी हसले की शेजारच्या खोलीतून साहेब डोकावले. ऑपरेशनची भीती त्या दिवशी पहिल्यांदा कमी झाली, हे मी प्रामाणिकपणे सांगते.

ऑपरेशनच्या आधीचे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थांवर काढायचे असतात. यकृत आक्रसावं म्हणून. ते आम्ही एकमेकींच्या आधाराने काढले. रोज चार वाजता, तिच्या कारखान्यात चहाची सुट्टी झाली की तिचा फोन यायचा. "जिवंत आहेस?" "आहे." "मी पण. आज समोरच्या पोरीने बिस्किट बुडवलं चहात. मी तिच्याकडे अशी बघत होते की तिने ते मला देऊनच टाकलं असतं." "घेतलंस?" "काटेबाई, तुझी शपथ, वास घेतला नुसता."

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही दोघी एकाच खोलीत, निळे गाऊन आणि पायांत घट्ट लांब मोजे घालून बसलो होतो. आधी माझा नंबर होता, मग तिचा. बॉबिन गाऊनची शिवण चिमटीत धरून बघत होती. "हे ज्याने बेतलंय त्याला माझ्याकडे पाठवा. बाई म्हणजे उशी नाही." मला न्यायला आले तेव्हा मी चष्मा काढून तिच्या हातात दिला. चष्म्याशिवाय मला तिचा चेहरा दिसत नव्हता. तिचा हात मात्र कोरडा आणि गरम होता. "जा," ती म्हणाली. "मी आलेच तुझ्या मागून."

मी शुद्धीवर आले तेव्हा चष्मा उशाशी होता, तिच्या रुमालात गुंडाळलेला. शेजारची खाट रिकामी होती. संध्याकाळी बोलता येऊ लागल्यावर मी नवऱ्याला फोन धरायला सांगितला आणि पहिलं वाक्य बोलले, "झालं ना तुझं पण?"

पलीकडे तिने आधी घसा खाकरला. मग ती म्हणाली, "झालं गं. मला वरच्या मजल्यावर टाकलंय. तू बोलू नकोस, पड."

दुसऱ्या दिवशी मला चालवलं, पण जिने चढायची परवानगी नव्हती. तिसऱ्या दिवशी मी घरी आले. तीही घरी पोचल्याचं म्हणाली. तिचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि सहा आठवडे लांबचा प्रवास नको असं आम्हाला सांगितलेलं. त्यानंतर ती म्हणायची, आता गटातच भेटू. फोटो काढणं दोघींनाही कधीच आवडलेलं नव्हतं. जाड बायका फोटोत नेहमी कुणाच्या तरी मागे उभ्या राहतात. ती सवय ऑपरेशनने जात नाही. म्हणून आम्ही नुसतं बोलायचो, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेला वायू नंतर खांद्याशी दुखतो. मी म्हटलं, "खांदा ठणकतोय." ती म्हणाली, "माझाही. उजवा ना?" मी म्हटलं, एक वाटी सूप प्यायला पाऊण तास लागतो. ती म्हणाली, "मला तर तासभर." सातव्या आठवड्यात कंगव्यात केस येऊ लागले तेव्हा मी घाबरले. ती म्हणाली, "माझे गुंडाळून ठेवते आहे, एखादी उशी भरेल." नवरा खरंच चांगला माणूस आहे, पण तो "होईल ठीक" म्हणायचा. बॉबिन "मलाही" म्हणायची. त्या दोन शब्दांत किती अंतर असतं ते आजारी माणसालाच कळतं.

माझा एक राखाडी लोकरी कोट होता, नऊ वर्षं वापरलेला. पाचव्या आठवड्यात तो अंगावर लोंबायला लागला. मी मापं फोनवर सांगितली, कोट कुरियरने पाठवला आणि तिने तो आत घेऊन परत पाठवला. नवव्या आठवड्यात पुन्हा. "जास्तीचं सगळं कापून फेकलं बघ," ती म्हणाली. "आता मागे फिरायचं नाही. फुगलीस तर तुझ्या अंगावर फाटेल." मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

आता आकड्यांविषयी. तिसऱ्या आठवड्यात माझं वजन एकशे तेरा पॉइंट आठवर येऊन थांबलं. नऊ दिवस हललं नाही. बहुतेकांचं त्या सुमाराला थांबतं, इस्पितळाने दोघींना दिलेल्या पुस्तिकेत तसं लिहिलेलंही होतं, आणि मी ते वाचलेलं होतं. पण त्या रविवारी बॉबिनचा आकडा दोन किलोने खाली आला. पुढच्या रविवारी पुन्हा जवळजवळ दोनने. ती थांबतच नव्हती. माझं पुन्हा सुरू झालं, पण रडतखडत. मी तिला म्हटलं, "तुझं कसं काय थांबलं नाही गं?" ती म्हणाली, "माझं बघून तू पण घसरशील खाली. धीर धर."

मी धीर धरला नाही. मी शनिवारी दुपारनंतर पाणी पिणं कमी केलं.

हे मी नीट समजून केलं, हीच त्यातली लाजिरवाणी बाब आहे. पेलाभर पाणी म्हणजे दोनशे ग्रॅम. ते चरबी नाही, ते उद्या परत येणार, हे मला माझ्या हाताखालच्या शिकाऊ मुलीपेक्षाही चांगलं ठाऊक होतं. तरी रविवारी सात वाजता तिला पाठवायचा आकडा जरा बरा दिसावा म्हणून मी ते करत होते. मग शुक्रवारपासून करू लागले. मग प्रथिनाचं पेयही अर्धं. बॉबिनला यातलं काही सांगितलं नाही.

दहाव्या आठवड्यात, सोमवारी, चिमट्यात धरलेलं एक किलोचं प्रमाणित वजन माझ्या हातून फरशीवर पडलं. ते वजन आता प्रमाणित राहिलं नाही, हा शेवटचा विचार माझ्या डोक्यात आला आणि मीही त्याच्या शेजारी पडले.

इस्पितळात चार दिवस सलाईन. अंगातलं पाणी धोक्याच्या पातळीखाली गेलं होतं, मूत्रपिंडाचे आकडे बिघडले होते. डॉक्टर रागावले नाहीत, पण अजून दोन दिवस काढले असते तर काय झालं असतं ते त्यांनी सावकाश आणि पूर्ण सांगितलं. नवरा खिडकीकडे तोंड करून उभा होता.

डाएटिशियन बाई आल्या. मी म्हटलं, "माझ्यातच काहीतरी कमी आहे. माझ्या जोडीदारणीचं बघा ना, दर आठवड्याला दोन किलो."

बाईंनी माझी फाईल मिटून छातीशी धरली. "तुम्ही दुसऱ्या कुणाचे आकडे बघू नका," त्या म्हणाल्या.

"पण जोडीचा नियम तुमचाच."

"हो." त्यांनी सलाईनची नळी सरळ केली. "दुसऱ्या पेशंटविषयी मला काही बोलता येत नाही. तुम्ही पाणी प्या."

चार वाजता बॉबिनचा फोन आला. मी रडले. मी म्हटलं, माझं फसलं सगळं, मी तुझ्यासारखी नाही. तेव्हा ती हळूच म्हणाली, "मलाही लावलं होतं सलाईन. सहाव्या आठवड्यात. तुला बोलले नाही, घाबरशील म्हणून. मी उठले ना? तू पण उठशील."

मला इतकं हलकं वाटलं! त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा उठून बसले, घोट घोट करत पेलाभर पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी नवऱ्याकडून माझी वही मागवली. पडून राहून करायचं काय, म्हणून दोन रकाने आखले. एकात माझी दहा रविवारांची वजनं, दुसऱ्यात फोनमधून उतरवलेली तिची. सहाव्या आठवड्यात तिचं वजन कसं वागलं ते मला बघायचं होतं. सलाईनने वजन वाढतं. त्यावरून मला माझा अंदाज बांधता आला असता.

सहाव्या आठवड्यात ते वाढलं नव्हतं. पण माझी नजर अडकली ती शेवटच्या अंकावर. एकशे सात पॉइंट तीन. एकशे पाच पॉइंट एक. शंभर पॉइंट सात. दहा आकड्यांतले सहा विषम.

मी फोन केला. "काटा तोच आहे ना गं तुझा?"

"तोच की. तुझी चिकटपट्टी आहे अजून त्याच्यावर. का?"

"काही नाही. सहज."

सम आकड्यातून पॉइंट चार वजा केले तरी समच राहतो. तिने हे आकडे काट्यावर पाहिलेले नव्हते, डोक्यातून काढले होते.

आणि मी काय निष्कर्ष काढला? मला वाटलं, बिचारीचंही थांबलंय. माझ्यापेक्षा वाईट थांबलं असेल. मला धीर द्यायचा म्हणून, आणि स्वतःची लाज वाटते म्हणून, ती रोज एकटी हे ओढते आहे. माझ्या मनात रागाचा लवलेश नव्हता, तिच्याविषयी माया दाटून आली होती. घरी सोडल्यावर आठ दिवसांनी मी दोन बस बदलून तिच्या कारखान्यात गेले. न सांगता गेले, म्हणजे तिला नाही म्हणता येऊ नये. कोट बरोबर घेतला होता. तो पुन्हा सैल झाला होता, आणि बोलायला सुरुवात करायला काहीतरी हातात हवं होतं. काय म्हणायचं ते बसमध्ये ठरवलं होतं: खरा आकडा सांग, मीही माझं पाण्याचं सांगते, आणि दोघी मिळून परत पहिल्यापासून सुरू करू.

जेवणाची सुट्टी होती. लांबलचक खोली, बंद मशीनांच्या रांगा, कापायच्या टेबलावर खडूच्या रेघा ओढलेलं पांढरं कापड. त्या टेबलाच्या टोकाला तीन बायका डबे उघडून बसल्या होत्या, आणि बॉबिन. ती मला बाजूने दिसत होती. तिने घास घेतला, बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायली, लगेच पुढचा घास घेतला.

आमच्यापैकी कुणी असं करत नाही. करूच शकत नाही. जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास पाण्याचा थेंब नाही. त्या केळ्याएवढ्या पिशवीत दोन्ही मावत नाही, उलटून येतं. हा नियम आम्हाला पाठ करायला लागत नाही, दुसऱ्या दिवशी शरीरच शिकवतं. मी दारात उभी राहून आणखी दोन घास मोजले. दोन्हींवर पाणी.

मग मी तिच्याकडे नीट पाहिलं. एप्रनची नाडी पाठीवर पहिल्या भेटीत होती तेवढीच, जेमतेम गाठ बसण्यापुरती उरली होती.

तिच्या शेजारच्या तरुण बाईने मला पाहिलं, माझ्या हातातला कोट पाहिला आणि टाळी वाजवली. "अय्या, राखाडी कोट! बॉबिनताई, ह्याच का तुमच्या काटेबाई?"

बॉबिनने वळून पाहिलं. बाटली तिच्या हातातच राहिली.

"या ना, बसा ना," दुसरी म्हणाली. "आम्हाला सगळं माहीत आहे तुमचं. चार वाजता फोन ठेवला की आम्ही विचारतोच, आज काटेबाई काय म्हणाल्या? तुमचं ते तिसऱ्या आठवड्यात अडकलं होतं ना, आम्ही पण सगळ्या अडकलो होतो! हिने तर गोड सोडलं होतं तुमच्यासाठी."

"आणि ते केस गळायचं थांबलं का हो?" तरुण बाईने मनापासून विचारलं. "एवढं मोठं ऑपरेशन, बाई गं. आमच्या ताई तर दारातूनच पळून आल्या."

बॉबिन उठली. "गोदामात चल," ती मला म्हणाली.

गोदामात कापडाचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. आवाज त्यांच्यात शोषला जात होता. मी कोट दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी राहिले.

"कधी ठरवलंस?" मी विचारलं.

"ठरवलं नाही गं." तिने गळ्यातली टेप काढून हाताला गुंडाळायला सुरुवात केली. "तुला आत नेलं. मग एक बाई आली आणि माझ्या पोटावर पेनाने खुणा करायला लागली. पाच खुणा. काटेबाई, मी तीस वर्षं कापडावर खुणा करते. खूण झाली की पुढे काय करते, ते माझ्या हाताला माहीत आहे. मी उठलेच. तुझा चष्मा नर्सकडे दिला आणि कपडे घालून बसने घरी आले."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी तू विचारलंस, झालं ना तुझं पण. असा आवाज होता तुझा... नाही म्हटलं असतं तर तू एकटी पडली असतीस."

"मी एकटीच होते."

"मग रोज फोन कोण करत होतं?" तिचा आवाज चढला. "एक दिवस चुकवला? एक दिवस सांग!"

तिने एकही दिवस चुकवला नव्हता. मी ते नाकारलं नाही.

"खांदा दुखतो म्हणालीस."

"पुस्तिकेत होतं."

"केस?"

"ते पण होतं."

"सलाईन?"

ती टेप गुंडाळत राहिली.

"ते पुस्तिकेत नव्हतं," मी म्हटलं.

"तू रडत होतीस. मी काय करायचं होतं?"

"आणि आकडे?"

"तू अडकलीस ना, तेव्हा वाटलं, माझा खाली गेला तर तुला हुरूप येईल. बाईच म्हणायच्या, जोडीदारणीचं बघून पाय उचलतो."

"मी पाणी सोडलं, बॉबिन. तुझे आकडे बघून. मूत्रपिंडं जायची राहिली माझी."

तिचा चेहरा खरोखर पडला. ते मला दिसलं. मग ती म्हणाली, "मला सांगितलंस का तू? रोज बोलत होतीस, पाण्याचं एकदा तरी बोललीस? लपवलंस ना तू पण?"

ते खरं होतं. मी लपवलं होतं. पण मी लपवलं होतं ते माझ्याच अवस्थेतून जाणाऱ्या बाईपासून, आणि तशी बाई नव्हतीच. दहा आठवडे मी जिच्याशी तुलना केली, जिच्यामुळे स्वतःला कमी लेखलं, जिच्या "मलाही"ला धरून उठून बसले, ती मोजपट्टी कुणीतरी हाताने काढलेली होती. आणि चार वाजल्यानंतर माझ्या उलट्या, माझे केस, माझी भीती एका टेबलाभोवती चहाबरोबर वाटली जात होती. त्यांनी प्रेमानेच ऐकलं असेल. तेच मला सहन होत नव्हतं.

"तू आलीस ते बरं झालं," ती म्हणाली. डोळे पुसले, आणि कोटाकडे हात केला. "दे तो. सैल झालाय. दहा मिनिटांत आत घेऊन देते."

मी कोट दिला नाही. तो तसाच पोटाशी धरून मी मशीनांच्या रांगांमधून बाहेर आले. तरुण बाईने विचारलं, "निघालात? चहा तरी..." मी तिला म्हटलं, "गोड खा आता. माझं सुरू झालंय पुन्हा." माझ्या तोंडून ते सरळ स्वरात आलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

त्या दिवसापासून चार वाजता फोन वाजतो आणि वाजून थांबतो. पहिल्या रविवारी सात वाजता संदेश आला: १२१.६. खाली लिहिलं होतं, "हा खरा." आकडा सम होता. मी माझा पाठवला नाही. वहीतल्या तिच्या दहा आकड्यांवर एकेक आडवी रेघ मारली, प्रत्येकापुढे तारीख घातली, सही केली. कारणाची जागा मात्र मोकळी राहिली. प्रयोगशाळेत अशी नोंद आली असती तर मी ती परत पाठवली असती.

बाराव्या आठवड्यात गटाच्या पहिल्या बैठकीला गेले. वजन एकशे एक पॉइंट नऊ. तीनदा. डाएटिशियन बाई मला दारातच भेटल्या.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"सांगता येत नव्हतं."

"नाही." त्यांनी विचारलं, "नवी जोडी लावून देऊ? एक बाई आहे, पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. जिचं झालंय अशी कुणीतरी तिला हवी आहे."

"आत्ता नको," मी म्हटलं. "मला विचारलं तर मी खरं सांगेन, आणि खरं ऐकून ती कदाचित उठून जाईल."

"जाऊ दे की गेली तर," बाई म्हणाल्या. "निदान सांगून जाईल."

मी आत जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले.

बैठकीहून परतताना थंडी होती आणि कोटातून वारा शिरत होता. आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक म्हातारा शिंपी बसतो. मी त्याच्याकडे गेले. त्याने कोट उलटा केला, अस्तराची शिवण ब्लेडने सावकाश उसवली, आत बोट घातलं आणि थांबला. मग दुसरी बाजू उसवली.

"ताई, हे बघा."

दोन्ही कुशींना आत चार-चार बोटं कापड होतं. सुबक घडी घालून, इस्त्री करून, बारीक टाक्यांनी अस्तराला टाचलेलं, बाहेरून फुगवटा दिसू नये म्हणून. पाठीच्या मधल्या शिवणीतही तसंच.

"कापलेलं काहीच नाही," तो म्हणाला. "दोनदा आत घेतलाय, पण पहिलं माप होतं तसंच्या तसं आत ठेवलंय. हात फार सफाईचा आहे हो. चांगला कारागीर दोन बोटं सोडतोच, पण हे म्हणजे... हे टाके काढले की कोट जुन्या मापाचा. ज्यांनी शिवलं त्यांना वाटलं असेल, पुन्हा लागेल."

जास्तीचं सगळं कापून फेकलं बघ. आता मागे फिरायचं नाही.

"कापा," मी म्हटलं.

"मी आत घेतो ना. कापायची गरज नाही. कापड राहू द्या, कुणाला काय..."

"नको. कापा."

"एकदा कापलं की परत सोडता येणार नाही, ताई. वजन तरी स्थिर होऊ दे. दोन महिने थांबा."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. माझ्याकडे कुणी असा काटा आणला असता तर मीही हेच म्हटलं असतं, अजून हलतोय, थांबा.

"कापा," मी म्हटलं.

त्याने खडूने रेघ ओढली आणि चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. जाड लोकरीत कात्री शिरताना जो आवाज येतो तो ऐकत मी तिथेच उभी राहिले, दोन्ही कुशी आणि पाठ होईपर्यंत.